आरोग्याची चिरस्थिती : चंकम, मात्रा आणि कल्याणमित्र

'शरीर कमावणे' हा मराठीतील जुना वाक्प्रचार आहे आणि त्याच्या पोटात एक गैरसमज दडलेला आहे. पैसा मिळवून पेटीत ठेवावा, त्याप्रमाणे शरीर एकदा कमावले की ते कायमचे आपले झाले, असे तो सुचवितो. मावळ तालुक्यात इंद्रायणीकाठी, तळेगाव दाभाड्याला लागून असलेल्या वराळे गावच्या परिसरात आम्ही जेव्हा उपासकांशी या विषयावर बोलतो, तेव्हा हाच समज निरनिराळ्या शब्दांत ऐकू येतो. कोणी तरुणपणी कबड्डीच्या संघात होता, कोणी पोती वाहिली, कोणी चिखलणीच्या दिवसांत पहाटेपासून सायंकाळपर्यंत खाचरात उभा राहिला. आता पन्नाशीत साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, गुडघे धरलेले. आणि बोलणारा आश्चर्याने विचारतो की, ते सारे बळ गेले कोठे?

बौद्धाला हा प्रश्न खरे तर पडू नये. जे जे घडलेले आहे ते ते अनित्य आहे, ही शिकवण आपण नित्य उच्चारतो; परंतु ती मरणाच्या प्रसंगी आठवतो, स्नायूंच्या बाबतीत नाही. मग अनित्यतेच्या जगात 'टिकाऊ आरोग्य' असे काही संभवते काय? संभवते, असे आमचे उत्तर आहे. पण ते प्रतीत्यसमुत्पादाच्या अंगाने समजून घ्यावे लागते. दिवा तेल व वात यांच्या आश्रयाने जळतो, हा तथागतांचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे. रात्रभर जळणारी ज्योत ही एकच वस्तू नसते; तेल मिळत राहते तोवर ती क्षणोक्षणी नव्याने उत्पन्न होते. आरोग्य असेच आहे. ते साठवता येत नाही. त्याचे हेतू चालू ठेवता येतात.

आजचे शरीरशास्त्र यापेक्षा निराळे सांगत नाही. व्यायाम केल्यानंतर स्नायू रक्तातील साखर अधिक चांगल्या रीतीने शोषून घेतात. परंतु एका वेळच्या व्यायामाचा हा परिणाम साधारणतः एक ते तीन दिवसच टिकतो. म्हणूनच मधुमेहींनी सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये, असे वैद्यकात सांगितले जाते. हृदय व फुप्फुसे यांची वाढलेली क्षमता काही आठवड्यांच्या विश्रांतीतच उतरू लागते. तिशीनंतर स्नायूंचे बळ हळूहळू घटते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. विसाव्या वर्षीची कबड्डी पन्नासाव्या वर्षी कामास येत नाही, याचे कारण एवढेच की तिचे तेल तीस वर्षांपूर्वी संपले आहे.

राजा प्रसेनजिताचे जेवण

तिपिटकात या विषयावरील सर्वांत बोलके उदाहरण कोसल देशाचा राजा प्रसेनजित याचे आहे. संयुत्त निकायातील कोसल संयुत्तात 'दोणपाक सुत्त' नावाचे एक लहानसे सुत्त आहे. राजा त्या काळी एक द्रोण तांदळाचा भात खात असे. एके दिवशी असे भोजन करून तो धापा टाकीत भगवंतांकडे आला आणि एका बाजूस बसला. भगवंतांनी त्यास रागे भरले नाही. स्मृतिमान असणाऱ्या, मिळालेल्या अन्नाची मात्रा जाणणाऱ्या माणसाचे क्लेश कमी होतात, तो सावकाश वृद्ध होतो आणि त्याचे आयुष्य राखले जाते, अशा आशयाची एकच गाथा त्यांनी म्हटली.

यापुढे राजाने जे केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. 'उद्यापासून कमी खाईन' असा निश्चय त्याने जाहीर केला नाही. त्याच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. ही गाथा पाठ कर आणि माझ्या जेवणाच्या वेळी म्हणत जा, असे राजाने त्यास सांगितले व या कामासाठी रोजचे शंभर कार्षापण ठरवून दिले. पुढे राजा क्रमाक्रमाने एका नाळीएवढ्या भातावर आला. सुत्तातील शब्द 'अनुपुब्बेन' असा आहे, म्हणजे पायरीपायरीने. अट्ठकथेत या पायऱ्यांची रीतही सांगितली आहे. राजा शेवटच्या घासापाशी आला की गाथा म्हणावयाची. तो घास राजाने तसाच ठेवावयाचा. आणि त्या घासात जितकी शिते असतील तितके तांदूळ दुसऱ्या दिवशी कमी शिजवावयाचे. काही काळाने अंग हलके झालेला राजा स्वतःच्या हातापायांवरून हात फिरवीत म्हणाला की, भगवंतांनी माझ्यावर या लोकीच्या व परलोकीच्या अशा दोन्ही हितांविषयी अनुकंपा केली.

ही गोष्ट आपल्याकडे बहुधा हसण्यासाठी सांगितली जाते. लठ्ठ राजा, धापा, भाताची रास. श्रोते हसतात आणि पुढच्या कथेकडे वळतात. आमच्या मते ही कथा मनोनिग्रहाची नाहीच. ती व्यवस्थेची आहे. राजाने स्वतःच्या इच्छाशक्तीवर भरवसा ठेवला नाही. ज्या क्षणी चूक होते त्याच क्षणी आठवण करून देणारा माणूस नेमला, घट इतकी लहान ठेवली की शरीराने बंड करू नये, आणि ती ताटात नव्हे तर हंडीत, शिजण्याच्या आधी केली. शेवटचा मुद्दा घरातील स्वयंपाक करणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. शिजलेले वाया जाऊ नये म्हणून खाल्ले जाणारे अन्न हे आपल्या घरांतील अतिभोजनाचे मोठे कारण आहे. आणि ज्या घरांनी उपासमार पाहिली आहे, तेथे ते टाकवतही नाही. ते टाकावे असे कोणी म्हणू नये. ते आधीच कमी शिजवावे. मावळ तर भाताचाच मुलूख. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला 'इंद्रायणी' हा वाण इतका सुवासिक व मऊ आहे की, प्रसेनजिताविषयी आम्हांस सहानुभूतीच वाटते.

राजाच्या या पद्धतीस आधुनिक संशोधनाचा दुजोरा मिळतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनी खाण्यापिण्याच्या व व्यायामाच्या नव्या सवयी कशा रुजतात याचा अभ्यास केला. रोज एका ठराविक प्रसंगाला जोडलेली कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. परंतु माणसामाणसांत हे अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होते. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही, असेही त्यांना आढळले. याचा अर्थ असा की, एकवीस दिवसांत शरीर पालटून देण्याचे जे वायदे केले जातात त्यांना फारसा आधार नाही. आणि तीन महिने होऊनही सवय न लागलेल्या माणसाने स्वतःस आळशी ठरविण्याचे कारण नाही.

प्रसेनजिताविषयी आणखी एक गोष्ट. मज्झिम निकायातील धम्मचेतिय सुत्तात तो भगवंतांस म्हणतो की, आपण ऐंशी वर्षांचे आहात आणि मीही ऐंशी वर्षांचा आहे. द्रोणभर भात खाणारा हा राजा त्या वयातही रथातून उतरून, पायी चालत भगवंतांच्या भेटीस जात होता.

चालण्याचे पाच लाभ

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात 'चंकम सुत्त' आहे. येरझारा घालीत चालण्याचे पाच लाभ त्यात सांगितले आहेत : प्रवास सोसण्याची क्षमता येते, प्रयत्न सोसण्याची क्षमता येते, आजार कमी होतात, खाल्लेले-प्यालेले नीट पचते, आणि चालता चालता साधलेली समाधी चिरकाळ टिकते. पाचव्या लाभासाठी वापरलेला शब्द 'चिरट्ठितिक' असा आहे. बैठकीत मिळविलेली शांती उठताच विस्कटते, हा अनुभव ध्यान करणाऱ्या प्रत्येकास आहे. जी शांती हालचालीतच मिळविली, ती हालचालीने मोडत नाही. आम्ही या शब्दाचा अर्थ थोडा वाढवू इच्छितो. जो व्यायाम जीवनाच्या नित्य हालचालीत मिसळलेला असतो, तो टिकतो. जो जीवनाबाहेर, एका निराळ्या वेषात व निराळ्या इमारतीत ठेवलेला असतो, तो पहिल्याच अडचणीत सुटतो.

चंकम हा संघाच्या जीवनात कसा आला याची हकीकत विनयपिटकात चुल्लवग्गात आहे आणि ती आजच्या काळासाठीच लिहिली असावी असे वाटते. वैशालीत उपासकांनी भिक्षूंस एकामागून एक पक्वान्नांची भोजने देण्याचा क्रम लावला होता. भिक्षूंची शरीरे जड झाली, त्यांत दोष साठले, आजार वाढले. काही कामानिमित्त वैशालीस आलेल्या जीवक वैद्याने हे पाहिले आणि भगवंतांस विनविले की, भिक्षूंना चंकम व जंताघर, म्हणजे वाफेने घाम काढण्याचे स्नानगृह, यांची अनुमती द्यावी. भगवंतांनी ती दिली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोष श्रद्धेने केलेल्या दानातून उत्पन्न झाला होता. १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, लग्नात, गृहप्रवेशात आपण जे भोजनदान करतो त्यात बुंदी आणि जिलेबीचा वाटा किती असतो, हे आयोजकांनी एकदा मोजून पाहावे. दान बंद करावे असे जीवकाने सांगितले नव्हते, हे खरे. पण त्याने जागा मात्र मागितली, चालण्यासाठी.

मावळातील लेणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. भाजे, कार्ले, बेडसे आणि तळेगावच्या जवळची शेलारवाडीची लेणी ही सारी डोंगराच्या अंगावर, वस्तीपासून उंचीवर खोदलेली आहेत. भिक्षेसाठी खाली गावात उतरावयाचे आणि मध्यान्हापूर्वी पात्र घेऊन पुन्हा वर चढावयाचे, असाच तेथील भिक्षूंचा दिनक्रम असला पाहिजे. अन्न आणि चालणे यांची गाठ तेथे डोंगरानेच मारून दिली होती. भाज्याला महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत याने पाण्याच्या टाक्याचे दान दिल्याचा लेख आहे. म्हणजे पाण्यासाठी उतरावे लागू नये याची सोय दात्याने केली. अन्नासाठीचा उतार-चढ मात्र राहिलाच. आज आपण मळवलीस लोकलमधून उतरून भाज्याच्या पायऱ्या चढतो तेव्हा अर्ध्या वाटेत थांबतो आणि छायाचित्र काढण्याचे निमित्त करतो. ती धाप हे आपले खरे आरोग्यपत्रक आहे.

पायऱ्यांचाच विषय निघाला म्हणून सांगतो. व्यायाम व हृदयरोग यांच्या संबंधाचा आधुनिक अभ्यास ज्या संशोधनापासून सुरू झाला असे मानतात, ते पायऱ्यांविषयीचेच आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देत जिने चढ-उतार करी. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले की, वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी होते. दोघांचा मालक एक, गाडी एक. अंतर होते ते जिन्याचे.

वराळ्याच्या परिसरात हा जिना एका पिढीत नाहीसा झाला आहे. आजोबा शेतावर वा मजुरीवर, वडील कारखान्यात यंत्रापुढे उभे, आणि मुलगा तळेगाव किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत संगणकापुढे बसलेला. घरापासून प्रवेशद्वारापर्यंत कंपनीची बस. या प्रवासाबद्दल आम्हांस खंत नाही. श्रमाच्या सक्तीतून सुटावे यासाठीच तर आपल्या आधीच्या पिढ्या झगडल्या. 'पूर्वीचे लोक कष्टाने निरोगी राहत' असे जे म्हटले जाते, ते म्हणणाऱ्यांनी बहुधा ते कष्ट केलेले नसतात. वाकून लावणी करणाऱ्या बाईची कंबर, हमालाची मान, विटा वाहणाऱ्याचे गुडघे हे त्या कष्टांचे हिशेब आहेत. स्वेच्छेने केलेला व्यायाम आणि पोटासाठी करावी लागणारी जड अंगमेहनत यांचा शरीरावरील परिणाम सारखा नसतो, असे अलीकडील काही संशोधनही सांगते. मेहनतीत विश्रांतीचा हक्क नसतो, हे त्याचे एक कारण असावे. म्हणून घरकाम व मजुरी करून थकलेल्या भगिनीस 'तुझा व्यायाम होतच असतो' असे सांगणे हे अज्ञानही आहे आणि अन्यायही.

बारीक अंगाचा भ्रम

आपल्या लोकांमध्ये आणखी एक समज दृढ आहे : पोट फार सुटलेले नाही, वजन बेताचे आहे, म्हणजे आपण धडधाकट आहोत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांत गर्भवती माता व त्यांची बालके यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले; इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बालके लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते; परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणारी पण आतून मेदाळ, अशी ही ठेवण जन्मतःच होती. पुढे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

अर्धपोटी मातांच्या पोटी जन्मलेल्या पिढ्यांना जेव्हा अचानक मुबलक तांदूळ, साखर आणि खुर्ची मिळते, तेव्हा काय होते हे या संशोधनावरून उमगते. ही गोष्ट कोणा एका जातीची नाही; अभ्यासही सर्वसाधारण ग्रामीण कुटुंबांचा होता. परंतु ज्या समाजाची उपासमार सर्वांत जुनी, त्याने हा इशारा सर्वांत आधी ऐकावा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख आहे. अशा लोकांना केवळ वजन उतरविण्याचा सल्ला पुरत नाही. त्यांना स्नायू हवेत. म्हणजे चालण्याच्या जोडीस उठाबशा, जोर, पाण्याने भरलेली बादली उचलणे यांसारखे बळाचे व्यायाम आणि ताटात डाळ, उसळ, अंडी, दूध, आणि जे खात असतील त्यांच्यासाठी मासळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेले मान असे : प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आठवड्यातून निदान दोन दिवस बळाचे व्यायाम करावेत; आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तीन दिवस तोल सांभाळण्याचेही करावेत. ज्यांना हृदयाचे दुखणे आहे वा साखरेची औषधे चालू आहेत, त्यांनी आरंभी डॉक्टरांना विचारावे.

वीणेच्या तारा आणि वहाणा

आरंभीचा उत्साह ही या मार्गातील दुसरी अडचण आहे. चंपा नगरीच्या सोण कोळिविस या अतिसुकुमार श्रेष्ठिपुत्राची कथा अशीच आहे. प्रव्रज्या घेतल्यावर तो इतका चालला की तळपाय फाटून चंकमाची वाट रक्ताने माखली. आणि फळ दिसेना तेव्हा घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला. तारा फार ताणल्या तरी स्वर नाही, फार सैल सोडल्या तरी नाही. प्रयत्नाची ही जी समता, ती 'विरियसमता'. जानेवारीत व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी भरून फेब्रुवारीत खांदा दुखावून घरी बसणारा तरुण, आणि दोन महिने केवळ फळांवर राहून तिसऱ्या महिन्यात सारे वजन परत मिळविणारी व्यक्ती, हे आजचे सोण आहेत. व्यायामशाळांतून विकल्या जाणाऱ्या, आत काय आहे हे विकणाऱ्यासही ठाऊक नसलेल्या पुड्यांविषयी येथे अधिक लिहीत नाही; पाचव्या शीलाचा विचार दारूपाशीच थांबवू नये, तंबाखू आणि मिश्री यांच्यापर्यंतही न्यावा, एवढेच सुचवितो.

सोणाच्या कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. महावग्गात तो आहे. भगवंतांनी सोणाच्या सुकुमारतेकडे पाहून त्याला एकपदरी वहाणा वापरण्यास अनुमती दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेण्याचे नाकारले. संघाला अनुमती मिळाली तर मीही वापरीन, असे तो म्हणाला. आणि भगवंतांनी साऱ्या संघास वहाणांची अनुमती दिली. ज्या देशात पुढे शतकानुशतके काही माणसांना गावातून पायात वहाण घालून चालण्याचीही मोकळीक नव्हती, त्या देशातील ही घटना आहे. आरोग्याची साधने एकट्याने मिळवू नयेत, सर्वांना मिळतील अशी योजावीत, हा तिचा अर्थ आम्ही घेतो.

शरीराची निगा आणि शरीराचा गर्व यांतील भेदही तथागतांनी सांगून ठेवला आहे. तारुण्यमद, आरोग्यमद आणि जीवितमद असे तीन मद अंगुत्तर निकायात येतात. आरोग्यमदाने माणूस रोग्याकडे तुच्छतेने पाहतो आणि आपणही रोगाचेच विषय आहोत हे विसरतो. उलट नकुलपिता वृद्धापकाळी जर्जर होऊन आला, तेव्हा शरीर आजारी असले तरी चित्त आजारी होऊ देऊ नकोस, असा उपदेश भगवंतांनी त्यास केला. स्वतः भगवंतांनीही आपली पाठदुखी लपविली नाही. पाठ दुखते, थोडा पडतो, उपदेश तू कर, असे त्यांनी कधी आनंदास, कधी सारिपुत्तास सांगितल्याचे उल्लेख आहेत. अखेरच्या वर्षी आपले शरीर दोरांनी बांधलेल्या जुन्या गाडीसारखे झाले आहे असे म्हणूनही ते राजगृहापासून कुशीनाऱ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने चालत गेले.

या ठिकाणी बाबासाहेबांचा विषय टाळता येत नाही. वराळ्याच्या शेजारी तळेगाव दाभाडे येथे त्यांचा बंगला आहे. आणि थोड्याच अंतरावर देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या काळी मधुमेह व पायांच्या नसांचे दुखणे यांनी ते जर्जर होते. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा आणि ६ डिसेंबरचे महापरिनिर्वाण यांत केवळ ५३ दिवसांचे अंतर आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ छापील रूपात त्यांना पाहावयास मिळाला नाही, तो १९५७ साली निघाला. परदेशातील अपुऱ्या अन्नावरचा अभ्यास, पुढील अखंड वाचन व लेखन, यांची गाथा आपण अभिमानाने सांगतो. पण चळवळीतील कार्यकर्त्यांनी त्यातून जेवणाच्या वेळा चुकविणे, रात्री जागणे आणि तपासण्या टाळणे एवढेच उचलावे, हे आम्हांस पटत नाही. बाबासाहेबांना वेळ नव्हता, कारण ते काम करू शकणारे दुसरे कोणी नव्हते. आज तशी स्थिती नाही. साठीच्या आत गेलेल्या कार्यकर्त्यांच्या शोकसभा आपण किती घेतल्या, याची गणती प्रत्येक शाखेने करावी. अंगुत्तर निकायातील प्रधानियंग सुत्तात साधकाची जी पाच अंगे सांगितली आहेत, त्यांत श्रद्धा, सरळपणा, वीर्य व प्रज्ञा यांच्या बरोबरीने निरोगीपणा आणि सम पचनशक्ती हे अंग आहे. शरीर राखणे हा धम्मकार्यातील व्यत्यय नव्हे, त्याची पूर्वतयारी आहे.

विहाराने काय करावे

त्याच निपातात आयुष्य वाढविणाऱ्या गोष्टी सांगताना, आपणास जे मानवते ते करणारा, मानवणाऱ्या गोष्टीतही मात्रा जाणणारा, पचेल ते खाणारा आणि योग्य वेळी वावरणारा, अशी लक्षणे दिली आहेत. 'मानवणारे', म्हणजे सप्पाय, हा शब्द मोलाचा आहे. लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ पासून योगाच्या शास्त्रीय अभ्यासाचे काम करीत आहे. कोणास तेथील आसने मानवतील, कोणास कबड्डी, कोणास नदीकाठचे चालणे. रात्रपाळीच्या कामगारास पहाटे पाच वाजता उठावयास सांगणे हे सप्पाय नव्हे. त्याने आधी सात तास झोपावे आणि पाळीला जाण्यापूर्वी चालावे.

स्त्रियांची अडचण निराळी आहे. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. याचे कारण आळस असे समजणारास आम्ही एवढेच विचारू की, सायंकाळी सात वाजता औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याने, अवजड वाहनांच्या कडेने, एकट्या बाईने कोठे चालावे? तिला जागा हवी, वेळ हवा आणि सोबत हवी. वेळ घरातील पुरुषांनी भांडी घासून द्यावयाची आहे. जागा आणि सोबत विहार देऊ शकतो.

आपले बहुतेक विहार लोकांच्या वर्गणीतून एकेक खोली वाढवीत उभे राहिले. मंडप झाला, वरचा मजला झाला, कमान झाली. चंकम मात्र क्वचितच कोणी आखला. बोधगयेस महाबोधी विहाराच्या शेजारी रत्नचंकमाची जागा आजही दाखवितात. तिचे चित्र आपण भिंतीवर लावतो. वीस-पंचवीस पावलांची एक सपाट पट्टी, दोन दिवे आणि सायंकाळच्या वंदनेनंतर अर्धा तास, यापेक्षा अधिक काही लागत नाही. प्रत्येकाने एक सोबती निवडावा आणि तो न आला तर त्याच्या घरी जाऊन विचारावे. सुदर्शनास राजाकडून शंभर कार्षापण मिळत, आपल्या सुदर्शनांनी चहावर भागवावे, तोही कमी साखरेचा.

चंकम कसा बांधावा हेही चुल्लवग्गात दिलेले आहे. पहिला चंकम ओबडधोबड होता, भिक्षूंच्या पायांस त्रास झाला. तेव्हा जमीन सपाट करण्याची अनुमती मिळाली. तो सखल होता, पाणी साचे. तेव्हा जोते उंच करून विटा, दगड वा लाकूड यांनी बांधण्याची. चढताना त्रास होई; तेव्हा पायऱ्यांची आणि धरावयाच्या आधाराची. चालता चालता भिक्षू खाली पडत, तेव्हा कठड्याची. उन्हाने व थंडीने हाल होत, तेव्हा छपराची. मावळातील पाऊस पाहता आपल्या विहारांनी छपरापासून आरंभ करावा. आणि जेथे वृद्ध उपासिका अधिक येतात तेथे कठडा आधी बसवावा.